आतला बोळा

१

मास्क धुवायला पाणी कोमट लागतं. कडकडीत पाण्याने रबर आकसतं आणि गार पाण्याने गाळ सुटत नाही. आधी फिल्टरचा डबा फिरवून काढायचा, मग झडपा, मग साबण. बचाव चौकीत हे काम माझ्याकडे आल्यापासून घामट वासाचा एकही मास्क खुंटीवर गेलेला नाही. पुरुषमाणसांना त्याचं कौतुक नाही. घरी मोजे आपोआप धुतले जातात, तसे इथे मास्कही धुतले जातात असं त्यांना वाटतं.

धुण्याआधी मात्र एक काम असतं आणि ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. प्रत्येक डब्याला कापसाचे दोन बोळे. एक डब्याच्या बाहेरच्या तोंडावरून फिरवायचा, जिथून हवा आत शिरते. दुसरा आतल्या तोंडावरून, जिथून ती माणसाकडे जाते. बाहेरचा मळला पाहिजे, आतला पांढरा राहिला पाहिजे. मग दोन्ही मोजणीच्या यंत्रासमोर धरायचे. किरणं लागली की ते किरकिरतं, म्हणून आम्ही त्याला रातकिडा म्हणतो. रातकिड्याने बाहेरच्या बोळ्यावर ओरडावं आणि आतल्यावर गप्प बसावं, एवढंच मी बघते.

त्या दिवशी धुण्याच्या खोलीत तीन मास्क आले. पहिला आमच्या कप्तानाचा, बोयमुरोदअकोंचा; अको म्हणजे दादा. बाहेरचा बोळा पिवळाजर्द, आतला पांढरा. दुसरा टिल्लोचा, तसाच. तिसरा मिर्झोशरीफचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. त्याचा बाहेरचा बोळा मी फिरवला तेव्हा तो पांढराच राहिला. मी पुन्हा घासून पाहिला. तरी पांढरा.

आतला बोळा जर्दाळूच्या गरासारखा पिवळा झाला होता.

२

मी काही लगेच घाबरणाऱ्यातली नाही. बोळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून नवे बोळे घेतले. तेच झालं. मग मला दाढी आठवली आणि मी स्वतःशीच हसले.

आमच्या संगीजर्द गावाला युरेनियमच्या जुन्या कारखान्याचा पिवळा गाळ डोंगरासारखा पडून आहे. कारखाना बंद झाला, मालक गेले, गाळ तेवढा आमच्याकडे ठेवून गेले. बर्फ वितळायला लागलं की त्याची कड सुटते. या वर्षी ती जरा जास्तच सुटली आणि खालच्या बोगद्यातली पाणी वळवायची लोखंडी फळी अडकली. ती फळी उघडली नसती तर सगळं पाणी कालव्यात आणि तिथून जर्दाळूच्या बागांमध्ये गेलं असतं. बोगद्यात उतरायचं प्रशिक्षण घेतलेले तिघंच होते, आणि त्यांतल्या एकाला दाढी होती.

सासरे वारून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. आमच्याकडे बाप गेला की चाळीसावा होईपर्यंत मुलगा गालाला वस्तरा लावत नाही. आणि दाढीवर मास्क बसत नाही, हे चौकीतलं मांजरसुद्धा सांगेल. केसांमधून हवा शिरते.

"भादर ती," बोयमुरोदअको म्हणाले. "तुझे वडील काही बोलणार नाहीत. मी त्यांना ओळखायचो."

"त्यांची माती अजून ओली आहे, अको," मिर्झोशरीफ म्हणाला. "मी बाहेर थांबतो. तुम्ही दोघं जा."

"दोघांच्याने फळी उचलते होय रे!"

शेवटी तोडगा मीच काढला. व्हॅसलिनची अख्खी डबी त्याच्या दाढीवर थापली, वरून मास्क चढवला आणि पट्टे ओढले. मग त्याला अंगणातल्या धुराच्या तंबूत पाठवलं. त्या धुराने कांदा चिरल्यासारखे डोळे झोंबतात. मास्क जरा कुठे सैल असेल तर माणूस रडत बाहेर येतो. मिर्झोशरीफ कोरड्या डोळ्यांनी बाहेर आला.

"बघा, वहिनींनी नवऱ्याला लोण्यात घोळवला," टिल्लो म्हणाला. "आता फक्त तव्यावर टाकायचा बाकी आहे."

आम्ही सगळे हसलो. मग ते तिघं बोगद्यात गेले आणि फळी उघडून आले.

म्हणजे बोळा पिवळा झाला तो दाढीमुळे. धूर शिरला नसेल, पण तास-दीड तास घाम गाळल्यावर व्हॅसलिन पातळ झालं असेल आणि बारीक धूळ शिरली असेल. हे मला पटलं. बाहेरचा बोळा पांढरा का राहिला, याला मात्र दाढीचं उत्तर लागू पडत नव्हतं. म्हणून मी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही.

३

थंडीत आमचं घर संदालीभोवती जगतं. जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, त्यावर बुटकं मेज, मेजावर मोठी रजई आणि रजईत सगळ्यांचे पाय. सासरे नेहमी भिंतीकडच्या बाजूला बसायचे. आता तिथे मिर्झोशरीफ बसायला लागला होता. मांडीवर आमची लोला. पाच वर्षांची पोर, पण बापाच्या मांडीवरचा हक्क सोडेल तर शपथ.

"टिल्लो म्हणत होता, बोगद्यात तुम्ही मध्येच थांबलात," मी चहा ओतत म्हटलं.

"थांबलो नाही. वळून पाहिलं."

"कशाला?"

त्याने पियाला हातात धरला, पण प्यायला नाही. बोगद्यात बोलता येत नाही. मास्कमध्ये प्रत्येकाला आपलाच श्वास ऐकू येतो. म्हणून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं. एकदा दाबलं तर 'मी ठीक आहे, चल पुढे'. दोनदा दाबलं तर 'थांब'. पुढे बोयमुरोदअको होते, मध्ये टिल्लो आणि सगळ्यात मागे हा.

"शेवटचा मीच होतो ना गं?" त्याने मला विचारलं.

"मला काय विचारता? मी काय तिथे होते?"

"माझ्या खांद्यावर हात होता, गुलांदोम. त्याने एकदा दाबलं."

"वरून गाळ पडला असेल."

"गाळाला बोटं नसतात."

मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात तो खोकला. दोनदा आखूड, आणि मग एक लांब श्वास आत ओढलेला, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. लोला झोपेला आली होती. डोळे न उघडताच ती म्हणाली, "आई, बोबो आले."

बोबो म्हणजे तिचे आजोबा. सासरे त्या कारखान्यात तरुणपणापासून होते. त्या काळी तोंडाला जाळीच्या कापडाची एक पट्टी बांधायची आणि पाळी संपली की पेलाभर दूध प्यायचं, एवढाच बंदोबस्त असे. तो खोकला आम्ही इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता, की तो थांबला त्या दिवशी घर मुकं झाल्यासारखं वाटलं होतं. बापाचा खोकला मुलाकडे येतो, नाक येतं तसाच, असं मी मनाला सांगितलं आणि पोरीला उचलून गादीवर नेलं.

४

चाळीसाव्याला मोठं पातेलं चढलं, पुलाव झाला, गावातले म्हातारे येऊन हात पसरून दुआ करून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिर्झोशरीफने दाढी काढली. आतून त्याचे गाल बसलेले निघाले. लोलाने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता टोचत नाहीस."

मी त्याच दिवसाची वाट बघत होते. त्याला नवा मास्क दिला आणि त्यावर कोरा डबा माझ्या हाताने बसवला. तंबूतून तो कोरड्या डोळ्यांनी बाहेर आला. मग म्हटलं, "जरा बसा माझ्याजवळ, मास्क राहू द्या."

"का?"

"रबर नवं आहे, तोंडाला सवय होऊ दे."

तो धुण्याच्या खोलीत स्टुलावर बसला. खिडकी बंद, फरशी धुतलेली, हवा स्वच्छ. मी उगाच जुन्या झडपा पुसत राहिले. त्याच्या मास्कची झडप टक्, टक् वाजत होती. तेवढ्यात बाहेरून टिल्लो ओरडला, "वहिनी, नवऱ्याला लोणच्यासारखं मुरत घातलंय का?"

मग मी डबा सोडवला. बाहेरचा बोळा पांढरा आणि आतला पिवळा.

सोडलेला श्वास डब्याकडे जात नाही, तो खालच्या झडपेतून बाहेर पडतो. रबर जुनं झालं तर थोडा मागे जातो, मान्य. पण हे रबर नवं होतं. आणि मागे जाऊ दे नाहीतर पुढे, माणसाच्या श्वासात पिवळं येईल कुठून?

"काय झालं?" मिर्झोशरीफने विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. मी दोन्ही बोळे त्याच्यासमोर ठेवले. चौकीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला अर्थ सांगावा लागत नाही.

५

जिल्ह्याच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, अशी छाती मला मिळाली तर मी डोंगर चढेन. आम्ही त्यांचे आभार मानले. परत येताना गाडीत मिर्झोशरीफ काच उघडून, तोंड बाहेर ठेवून बसला होता. बाहेर बर्फाळ वारा होता.

चौकीत बोयमुरोदअकोंना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग वैतागले. "बापाचं दुःख डोक्यात गेलंय याच्या. आणि तू, गुलांदोम, त्याला शहाणपण शिकवायचं सोडून बोळे दाखवतेस!"

मी रातकिडा आणला आणि नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"श्वास घ्या."

रातकिडा गप्प.

"सोडा."

तो असा किरकिरला की दारातल्या टिल्लोच्या हातातला नानरोटीचा तुकडा पडला.

"बिघडलाय," बोयमुरोदअको म्हणाले. त्यांनी यंत्र हिसकावून स्वतःच्या तोंडासमोर धरलं आणि जोरात फुंकलं. काही नाही. टिल्लोने फुंकलं. काही नाही. मी फुंकलं. काही नाही. पुन्हा मिर्झोशरीफ. या वेळी त्याने अगदी हलकेच श्वास सोडला, लहान मूल गरम चहावर फुंकतं तितका. रातकिडा थांबता थांबेना.

बोयमुरोदअको मागे सरकले. फार नाही, अर्धं पाऊल. ज्या माणसाबरोबर ते अंधारात चालत आले होते, त्याच्यापासून. मिर्झोशरीफने ते पाहिलं. मीही पाहिलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं.

"वर कळवायचं का?" टिल्लोने विचारलं. त्याचा आवाज इतका साधा मी कधी ऐकला नव्हता.

"काय कळवणार? माणूस आतून गळतोय म्हणून?" कप्तान म्हणाले. "एक तर आपल्याला वेड्यात काढतील, नाहीतर याला कुठेतरी नेतील आणि परत पाठवणार नाहीत. तू घरी राहा, मिर्झो. थोडे दिवस."

"मास्क नेऊ का बरोबर?"

"ने," ते म्हणाले. त्याच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

६

वाटेत आम्ही एकाच गोष्टीबद्दल बोललो. लोला.

तिला काही व्हायला नको. बाकी जे व्हायचं ते होवो. चाळीस दिवस ती त्याच्या मांडीवर बसली होती, त्याच्या गळ्यात तोंड खुपसून झोपली होती. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ते कुणीच बोलून दाखवलं नाही. "इथून पुढे," एवढंच तो म्हणत राहिला. "इथून पुढे मी तिच्याजवळ यायचं नाही."

घराला लागूनच आमची जर्दाळू वाळवायची खोली आहे. थंडीत ती रिकामी असते. तिथे मी गादी घातली. मग त्याचा मास्क घेऊन बसले. असा मास्क त्याच्या उपयोगाचा नव्हता. तो येणारी हवा गाळतो, जाणारी तशीच सोडतो. मी झडपा काढल्या आणि उलट्या बसवल्या. आता तो श्वास घेणार साध्या भोकातून आणि सोडणार डब्यातून. असा मास्क मी जन्मात बसवला नव्हता. जगापासून माणसाला वाचवायची वस्तू मी माणसापासून जग वाचवायला फिरवत होते, आणि तो माणूस माझा होता.

"शाबास, उस्तो," तो म्हणाला. मला चिडवायचं असलं की तो मला उस्तो म्हणजे उस्ताद म्हणायचा. मग त्याने मास्क चढवला आणि पट्टे ओढून घेतले.

खोलीला आणि आमच्या बसायच्या जागेला एकच भिंत. लोला निजली की तो पलीकडून विचारायचा, "ठीक आहे ना?" रबरातून आवाज घुमा यायचा. तिची झोप मोडू नये म्हणून मी बोलत नसे. बोगद्यातल्यासारखं ठरवलं होतं. भिंतीवर एकदा थाप म्हणजे सगळं ठीक. दोनदा म्हणजे काहीतरी बिघडलंय.

दिवसा मी जेवण दारात ठेवून बाजूला व्हायचे. रोज डबा बदलायचे. रोज आतला बोळा आदल्या दिवसापेक्षा गडद निघायचा. माणसाच्या छातीत असं कितीसं मावतं? मी मनाशी हिशोब करायला जायचे आणि सोडून द्यायचे. एवढा गाळ एका माणसाचा नसतोच.

७

एका सकाळी मी शुर्बोचं, म्हणजे मटणाच्या रश्श्याचं, भांडं घेऊन त्याच्या दाराशी गेले. ऊन चांगलं पडलं होतं, छपरावरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. आतून झडपेचा आवाज येत होता. टक्. थोडं थांबून, टक्. तो मला आता ओळखीचा झाला होता.

मग त्या दोन आवाजांच्या मध्ये आणखी एक आला. जरा उशिरा, जरा खोलातून, शेवटी बारीक शिट्टी असलेला.

छपराचं पाणी असेल. मी कान देऊन ऐकलं. पाणी वेगळं ठिबकत होतं.

दार अर्धवट उघडं होतं. मिर्झोशरीफ माझ्याकडे पाठ करून गादीवर बसला होता. थंडी म्हणून त्याने सासऱ्यांचा चपान घातला होता, तो कापूस भरलेला जुना लांब अंगरखा. खिडकीतून ऊन थेट त्याच्या पाठीवर पडत होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हे मी खात्रीने सांगते.

चपानाच्या उजव्या खांद्यावर कापूस दबलेला होता. चार खळगे पुढच्या बाजूला आणि एक मागे. मी बघत असताना ते खोल गेले, एकदाच, आणि पुन्हा वर आले. मिर्झोशरीफने मान हलवली. समजलं, चालतो, अशी.

मी भांडं खाली ठेवलं आणि तिथून निघाले. धावले नाही.

८

घरात लोला खिडकीशी उभी होती. तिचा रोजचा खेळ चालला होता. गार काचेवर तोंड लावून 'हाऽ' करायचं, काच धुरकटली की बोटाने चित्र काढायचं. चित्र विरलं की पुन्हा 'हाऽ'. थंडीत सगळीच पोरं हा खेळ खेळतात. मीही लहानपणी खेळले आहे.

"काय काढलंस?" मी विचारलं.

"बाबा. आणि बोबो त्यांच्या मागे."

काचेवर दोन माणसं होती, एकामागे एक. मागच्याचा लांब हात पुढच्याच्या खांद्यावर. तो हात बोबोंचा, हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. पण त्या क्षणी मला त्याचंही काही वाटलं नाही, कारण मी काचेकडे बघत होते.

"आई, हे बघ ना," लोला कुरकुरली. "सकाळपासून हे जातच नाहीये."

काचेवरची वाफ केव्हाच वाळली होती. चित्र तसंच होतं. माणसांच्या आकारातून बाहेरचं अंगण स्वच्छ दिसत होतं आणि त्यांच्या भोवती, जिथे जिथे तिचा श्वास लागला होता, तिथे काच पिवळी झाली होती.

मी बोटांनी पुसून पाहिलं. पीठ लागावं तसं ते बोटांना लागलं.

"खोकला येतो का गं तुला?"

"थोडासा," ती म्हणाली आणि मला करून दाखवला. दोनदा आखूड.

मी तिला मांडीवर घेतलं. काय काय करता येईल याचा विचार केला, कारण विचार करायची मला सवय आहे. चौकीत मास्क आहेत. खुंट्यांवर ओळीने टांगलेले आहेत, सगळे मीच धुतलेले. त्यातलं सगळ्यात लहान माप मला पाठ आहे. ते बारीक चणीच्या पुरुषाला होतं. पोरीच्या तोंडावर ते बसणार नाही. हनुवटीखाली हात जाईल एवढी फट राहील, आणि तिथे व्हॅसलिन लावूनही उपयोग नाही. एवढ्या लहान तोंडासाठी आमच्याकडे मास्क नाही.

तिने माझ्या गळ्यात तोंड खुपसलं. मानेवर तिचा श्वास लागत होता, गरम. मी तिला दूर केलं नाही.

भिंतीपलीकडून रबरातून घुमलेला आवाज आला, "गुलांदोम? लोला ठीक आहे ना?"

मी हात उचलला. तो माणूस एकाच आशेवर त्या खोलीत बसला होता.

मी भिंतीवर एकदा थाप मारली.